मृगाच्या तोंडावर अपडेट: गूगल प्ले कन्सोलचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी काम करतो. आमचे ॲप कृषी सेवा केंद्रांसाठी आहे. बियाणे, खते आणि फवारणीची औषधे विकणारा दुकानदार त्यावर बिल काढतो, साठा पाहतो आणि शेतकऱ्यांची उधारी मांडतो. लातूर, नांदेड, परभणी, जालना, बीड या जिल्ह्यांतली तालुक्याची गावे हे आमचे क्षेत्र असून ग्राहकांची संख्या शेकड्यांत मोजावी एवढीच आहे. ॲपची नवी आवृत्ती त्यांच्या फोनपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे गूगल प्ले कन्सोलशी, म्हणजे प्ले स्टोअरवर ॲप चढवण्याच्या आणि त्याच्या आवृत्त्या वाटण्याच्या गूगलच्या साधनाशी, माझा रोजचा संबंध येतो. या साधनाविषयी जे काही लिहिले जाते ते बहुधा लाखो वापरकर्त्यांची ॲप्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. ज्याचे गिऱ्हाईक मोजके आहे, पण त्या गिऱ्हाइकाचा अख्खा हंगाम ज्याच्या ॲपवर अवलंबून आहे, अशा माणसाच्या बाजूने मी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. नवी आवृत्ती बिघडली तर नुकसान किती जणांचे होईल, हे कन्सोल उत्तम रीतीने आवाक्यात ठेवते. ते कोणाचे होईल हे मात्र आपल्याला ठरवू देत नाही, आणि एकदा फोनवर गेलेली आवृत्ती माघारी घेण्याची सोय त्यात नाही. पहिल्या गुणावर भाळून या दोन उणिवांकडे दुर्लक्ष करणारा लहान विक्रेता कधी ना कधी अडचणीत येतोच.

अपडेटचा धोका म्हटले की ॲप बंद पडणे एवढेच बहुतेकांना आठवते. बंद पडलेले ॲप निदान दिसते तरी. दुकानदार फोन करतो, चार शब्द सुनावतो आणि छापील बिलबुक काढून धंदा पुढे चालू ठेवतो. खरा घात करते ते सुरळीत चालून चुकीचे बिल देणारे ॲप. बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ नुसार विक्रेत्याने खरेदीदाराला रोखीचे किंवा उधारीचे बिल देणे बंधनकारक आहे, आणि त्या बिलावरचा लॉट नंबर, म्हणजे पिशवी बियाण्याच्या कोणत्या खेपेतली आहे हे सांगणारा क्रमांक, हा शेतकऱ्याच्या हातातला पुरावा असतो. पेरलेले उगवले नाही तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती पंचनाम्याला येते, तेव्हा पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि बिल यांचा मेळ बसावा लागतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात इतक्या आल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. ज्या बिलावर लॉट नंबरच नाही ते बिल घेऊन त्या शेतकऱ्याने कोणाच्या दारात जायचे? त्यामुळे आमच्याकडे नव्या आवृत्तीची तपासणी करताना पहिला प्रश्न लॉट नंबर, बॅच आणि मुदत बिलावर पूर्ण छापली जाते का, हा असतो. ॲप उघडते का, हा प्रश्न त्यानंतर येतो.

नेमक्या या बाबतीत कन्सोलचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो क्लोज्ड टेस्टिंगचा. त्यात आपण निवडलेल्या लोकांच्या ईमेलची यादी किंवा गूगल ग्रुप जोडतो, त्यांना एक दुवा पाठवतो, आणि त्यावरून ज्यांनी संमती दिली त्यांच्याच फोनवर नवी आवृत्ती प्ले स्टोअरमधून नेहमीच्या अपडेटसारखी उतरते. त्यांनी दिलेले अभिप्राय फक्त आपल्यालाच दिसतात आणि ॲपच्या जाहीर मानांकनावर त्यांचा परिणाम होत नाही. मध्यंतरी आम्ही बिलाची छपाई बदलली. स्वस्तातले ब्लूटूथ थर्मल प्रिंटर बहुधा मराठी अक्षरे स्वतः छापू शकत नाहीत, म्हणून मालाची नावे मराठीत यावीत यासाठी सगळे बिल चित्राच्या रूपात प्रिंटरकडे पाठवायचे असे ठरले. ५८ मिलिमीटरच्या कागदावर छपाईची रुंदी ३८४ ठिपक्यांची असते. ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरवर सगळे झकास दिसत होते. क्लोज्ड टेस्टिंगला आवृत्ती गेली आणि उदगीरच्या एका दुकानदाराने व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो टाकून खाली लिहिले, “सर, लॉट नंबर अर्धाच येलालाय.” मालाचे मराठी नाव लांब असले की उजवीकडचा रकाना त्या ३८४ ठिपक्यांच्या पलीकडे ढकलला जात होता, आणि नेमका त्याच रकान्यात लॉट नंबर होता. बेरीज बरोबर, रक्कम बरोबर, दुकानाचे नाव ठळक. फक्त शेतकऱ्याच्या उपयोगाची गोष्ट तेवढी कापलेली. गर्दीच्या दिवशी ते कोणाच्या लक्षात आले असते असे मला वाटत नाही.

ही चूक कन्सोलच्या प्रीलाँच रिपोर्टमध्ये दिसणे शक्यच नव्हते. आपण टेस्टिंगसाठी आवृत्ती चढवली की गूगल ती आपल्या प्रयोगशाळेतल्या वेगवेगळ्या फोनवर उघडून पाहते, एक यंत्र बटणे दाबत पडद्यांवरून फिरते, आणि क्रॅश (ॲप अचानक बंद पडणे), संथपणा, वाचायला कठीण असा मजकूर अशा गोष्टींचा अहवाल पडद्यांच्या छायाचित्रांसह मिळतो. लॉगिनचा तपशील दिला तर ते यंत्र आतपर्यंत जाते. फुकटात मिळणारी ही सेवा चांगलीच आहे, आणि कमी रॅमच्या फोनवर साठ्याची लांबलचक यादी अडखळते हे आम्हाला त्या अहवालातूनच कळले. पण त्या यंत्राजवळ ब्लूटूथ प्रिंटर नसतो, दुकानाच्या पत्र्यावर धो धो पाऊस पडत नसतो आणि समोर दहा शेतकरी उभे नसतात.

क्लोज्ड टेस्टिंगची एक अडचण मात्र सांगायला हवी. यादीत जो ईमेल घालायचा तो दुकानदाराच्या प्ले स्टोअरमधलाच असावा लागतो, आणि तालुक्याच्या गावी हे खाते बहुधा मोबाइलच्या दुकानात किंवा भाच्याने उघडून दिलेले असते. मालकाने सांगितलेला ईमेल एक, फोनमधला दुसरा, आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, हा अनुभव नवा नाही. टेस्टर निवडताना आम्ही उत्साही माणूस शोधत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रिंटर, जुने फोन, दोन-दोन काउंटर आणि मोठी उधारी असलेली दुकाने शोधतो, आणि प्रत्येक जिल्ह्यातून निदान एक तरी घेतो. त्यांच्यापैकी जो तक्रारखोर असेल तो सोन्यासारखा जपावा, कारण गोड बोलणारे गिऱ्हाईक “चांगलं चालू आहे” एवढेच सांगते. क्लोज्ड टेस्टिंगच्या आधी इंटर्नल टेस्टिंग हा आणखी छोटा टप्पा आहे. त्यात १०० जणांपर्यंत टेस्टर घेता येतात आणि आवृत्ती काही मिनिटांत मिळते. ऑफिसातल्या माणसांसाठी तो पुरेसा आहे आणि त्याविषयी जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

आता ज्याचे सर्वत्र कौतुक होते त्या टप्प्याटप्प्याच्या वाटपाकडे वळतो. आधीपासून प्रसिद्ध असलेल्या ॲपची नवी आवृत्ती सगळ्यांना एकदम न देता आपण ठरवू तेवढ्या टक्के वापरकर्त्यांना देता येते. काही बिघडले तर वाटप थांबवता येते, सगळे ठीक असेल तर टक्का वाढवत नेता येतो. आपण या टप्प्यात आहोत हे वापरकर्त्याला कळत नाही. पहिल्यांदाच प्रसिद्ध होणाऱ्या ॲपला ही सोय नाही. ॲपलकडे अशाच सोयीला सात दिवसांच्या ठरीव पायऱ्या आहेत, म्हणजे १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के, आणि मध्येच एकूण ३० दिवसांपर्यंत थांबता येते. गूगलने टक्का आणि वेग दोन्ही आपल्या हाती ठेवले आहेत आणि ते मला जास्त योग्य वाटते, कारण आठवडी बाजाराचा दिवस पार पडल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही, असे आम्हाला ठरवता येते.

अशी सोय नसती तर काय होते याचे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभरच्या विंडोज संगणकांकडे रवाना झाली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्या ७८ मिनिटांत सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोष म्हणाल तर, प्रोग्रामला २१ गोष्टी अपेक्षित होत्या आणि त्याच्या हाती २० च दिल्या गेल्या. इतकी बारीक चूक कोणाच्याही हातून होते. ती फाइल टप्प्याटप्प्याने गेली नाही, हे खरे दुखणे होते, आणि नंतर त्या कंपनीने अशा फाइलींसाठीही टप्प्यांची पद्धत स्वीकारली. दुरुस्ती करायला माणसाला बहुतेक ठिकाणी एकेका संगणकापाशी जावे लागले, ही बाब मी पुढच्या मुद्द्यासाठी राखून ठेवतो.

टप्प्यांची पद्धत आवश्यक आहे, यात शंका नाही. पण टक्का हे माप मोठ्या आकड्यांवर शोभते. समजा एखाद्या ॲपचे ६०० दुकानदार आहेत. १ टक्का म्हणजे ६ दुकाने. ती कोणती, हे कन्सोल आपल्या मर्जीने, यादृच्छिक पद्धतीने ठरवते. देशानुसार वाटप मर्यादित करता येते, पण राज्य, जिल्हा किंवा तालुका यांची निवड तिथे नाही. ती सहा दुकाने खेड्यातली निवांत दुकाने निघाली तर तीन दिवस एकही तक्रार येणार नाही आणि आपण खुशीत टक्का वाढवू. तीच सहा लातूरच्या गजबजलेल्या भागातली सर्वांत मोठी दुकाने निघाली तर ६०० पैकी ६ असूनही आपल्या धंद्याचा मोठा हिस्सा धोक्यात येईल. शिवाय निवड दुकानाची होत नाही, वापरकर्त्याची होते. मालकाच्या फोनवर एक खाते आणि काउंटरवरच्या मुलाच्या फोनवर दुसरे खाते असेल तर एकाच दुकानात एका फोनवर नवी आवृत्ती आणि दुसऱ्यावर जुनी, अशी अवस्था येते. दोघांची बिले एकाच सर्व्हरवर, एकाच साठ्यातून वजा होतात. नव्या आवृत्तीने बिलाच्या नोंदीत एखादा रकाना वाढवला असेल तर जुन्या आवृत्तीने पाठवलेली, त्या रकान्याविना आलेली नोंदही सर्व्हरने निमूटपणे स्वीकारली पाहिजे, आणि नव्या रकान्यासह गेलेली नोंद जुन्या फोनला वाचता आली पाहिजे. हे कन्सोल आपल्याला सांगत नाही. ही तयारी ज्याने आधी केली नाही त्याने टप्प्याटप्प्याच्या वाटपाला हात न लावलेला बरा.

अशा मिश्र अवस्थेचा काळ वाटतो त्यापेक्षा लांबतो. प्ले स्टोअरची आपोआप अपडेट करण्याची सेटिंग अनेक फोनवर फक्त वायफायसाठीच चालू असते, आणि कृषी सेवा केंद्रात वायफाय क्वचितच असतो. वाटप १०० टक्क्यांवर नेले म्हणजे आवृत्ती १०० टक्के फोनवर पोहोचली, असा अर्थ कोणी काढू नये. ॲपमधूनच अपडेट सुचवण्याची सोय गूगलने दिली आहे. तिचा एक प्रकार मागच्या मागे अपडेट उतरवून घेतो, तर दुसरा पडदा अडवून अपडेट झाल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. दुसरा प्रकार बिलिंगच्या ॲपला शक्यतो वापरू नये. काउंटरवर माणूस उभा असताना, एका रेघेच्या नेटवर्कवर, पडदा अडवणारे अपडेट म्हणजे दुकानदाराला बिलबुकाकडे परत पाठवणेच होय.

बिघाड वेळेवर कळण्यासाठी अँड्रॉइड व्हायटल्स नावाचा विभाग आहे. वापरकर्त्याला जाणवलेल्या क्रॅशचे प्रमाण १.०९ टक्क्यांवर आणि ॲप गोठण्याचे प्रमाण ०.४७ टक्क्यांवर गेले की गूगल त्याला वाईट वर्तन समजते, आणि एखाद्या विशिष्ट मॉडेलच्या फोनवर हे प्रमाण ८ टक्क्यांहून जास्त असेल तर त्याचीही वेगळी नोंद घेते. परिणामी प्ले स्टोअरमध्ये ते ॲप कमी दिसू लागते. आमचे ॲप कोणी स्टोअरमध्ये शोधून घेत नाही, आमचा माणूस दुकानात जाऊन बसवून देतो, त्यामुळे ही शिक्षा आम्हाला लागत नाही. पण तो मापदंड म्हणून उपयोगी पडतो. अडचण अशी की ही माहिती फक्त ज्यांनी फोनवर निदानाची माहिती पाठवायला संमती दिली आहे त्यांचीच जमते, ती उशिरा येते, आणि वापरकर्ते थोडे असतील तर अनेक तक्ते रिकामेच राहतात. सहा दुकानांच्या टप्प्यात व्हायटल्स पाहत बसणे व्यर्थ आहे. त्या सहा जणांना फोन करणे, हा लहान विक्रेत्यापुढचा खरा उपाय आहे. आणि कापला गेलेला लॉट नंबर हा क्रॅश नसल्यामुळे तो कुठल्याही तक्त्यात कधीच दिसणार नाही.

दुसरी उणीव यापेक्षा गंभीर आहे. एकदा पोहोचलेली चूक दुरून परत बोलावता येत नाही, हे क्राउडस्ट्राइकच्या वेळी दिसले तेच इथेही आहे. वाटप थांबवले की नव्या फोनवर ती आवृत्ती जाणे बंद होते, परंतु ज्यांच्याकडे ती गेली त्यांच्याकडे ती राहतेच. पूर्ण वाटप झालेली आवृत्तीही थांबवण्याची सोय गूगलने २०२५ मध्ये आणली, ती स्वागतार्ह आहे, पण तिलाही हीच मर्यादा आहे. मागे फिरण्याचा मार्ग म्हणजे जुन्याच प्रोग्रामला आधीपेक्षा मोठा आवृत्ती क्रमांक देऊन तो पुन्हा चढवणे, त्याची तपासणी होण्याची वाट पाहणे आणि मग तो फोनवर पोहोचण्याची वाट पाहणे. अँड्रॉइड कमी क्रमांकाची आवृत्ती मोठ्या क्रमांकावर बसू देत नाही. ॲप काढून पुन्हा बसवले तर फोनमधली माहिती जाते. ज्या दुकानात दुपारपासून नेटवर्क नाही आणि पन्नास बिले अजून सर्व्हरवर चढायची आहेत, तिथे “ॲप काढून पुन्हा टाका” हा सल्ला म्हणजे ती बिले पुसून टाकण्याचा आदेश ठरतो. त्यातही नव्या आवृत्तीने फोनमधल्या माहितीची रचना बदललेली असेल तर मोठ्या क्रमांकाचा वेष चढवलेला जुना प्रोग्राम ती नवी रचना वाचू शकत नाही. म्हणून रचना बदलण्याचे काम आम्ही दोन आवृत्त्यांत विभागतो. पहिल्या आवृत्तीत नवा रकाना फक्त तयार होतो, तो कोणी वापरत नाही. ती सगळीकडे स्थिरावली की दुसरी आवृत्ती तो वापरू लागते. जुना रकाना त्यानंतरही बराच काळ तसाच ठेवतो. काम दुप्पट होते, तक्रारी होतात, पण माघारीची वाट उघडी राहते.

या उणिवेवर सर्वांत उपयोगी उतारा कन्सोलच्या बाहेर, गूगलच्याच फायरबेस रिमोट कॉन्फिगमध्ये मिळतो, आणि त्याच्याशिवाय मी या साधनाची शिफारस करणार नाही. नवे काम ॲपमध्ये बंद अवस्थेत पाठवायचे आणि सर्व्हरवरून खटका दाबून ते चालू करायचे, अशी ही पद्धत. खटका परत बंद केला की काम बंद, फोनवर काही उतरवावे लागत नाही. कोणासाठी चालू करायचे हेही इथे ठरवता येते; दुकानाचा जिल्हा आपण गुणधर्म म्हणून नोंदवला असेल तर आधी परभणी, मग जालना, असा क्रम लावता येतो. म्हणजे कन्सोलमध्ये जी निवड नाही ती इथे आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ॲपने नवी मूल्ये किती वेळाने मागवायची याचा मूळ कालावधी १२ तासांचा असतो. तो कमी केला नाही तर सकाळी दाबलेला खटका काही दुकानांत संध्याकाळी पोहोचेल.

वस्तू व सेवा कराचे दर बदलले तेव्हा या पद्धतीची खरी परीक्षा झाली. परिषदेची बैठक ३ सप्टेंबर २०२५ रोजी झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून लागू झाले. ठिबक व तुषार सिंचनाचे साहित्य, ठरावीक जैविक कीडनाशके आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. रासायनिक कीटकनाशके १८ वरच राहिली. असे अपडेट टप्प्याटप्प्याने देता येत नाही, कारण कायदा १० टक्के दुकानांना आधी आणि बाकीच्यांना नंतर लागू होत नाही. उलट ते २१ तारखेच्या रात्री सगळ्यांना एकदम देणे म्हणजे क्राउडस्ट्राइकचाच कित्ता गिरवणे. तोडगा असा की दर प्रोग्राममध्ये लिहायचेच नाहीत. प्रत्येक दराला “या तारखेपासून” अशी नोंद जोडायची, ती समज असलेली आवृत्ती आधीच सावकाश वाटायची, आणि दरांचा तक्ता सर्व्हरवरून द्यायचा. बिलाच्या तारखेवरून दर आपोआप निवडला जातो, त्यामुळे २० सप्टेंबरच्या बिलावरचा माल ऑक्टोबरात परत आला तरी त्याची वजावट १२ टक्क्यांनीच होते.

खटक्यांनाही शिस्त लागते. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी नव्या कामासाठी एक जुनाच खटका पुन्हा वापरला. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा प्रोग्राम चढवायचा राहून गेला होता, तिथे त्या खटक्याने वर्षानुवर्षे पडून असलेले मृत काम जागे केले, आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलरच्या आसपास गमावले. ज्याचे काम संपले तो खटका प्रोग्राममधून काढून टाकावा आणि त्याचे नाव पुन्हा कधीही वापरू नये, हा नियम आमच्याकडे तेव्हापासूनच्या वाचनातून आला.

कन्सोलमधला मॅनेज्ड पब्लिशिंग हा पर्याय फारसा चर्चेत नसतो, पण आमच्या धंद्यात तो अनिवार्य आहे. नवी आवृत्ती गूगलच्या तपासणीला जाते आणि त्या तपासणीला काही वेळा सात दिवस किंवा त्याहून अधिक लागू शकतात. हा पर्याय चालू नसेल तर मंजुरी मिळताच, मग ती रात्री असो की बाजाराच्या दिवशी, वाटप सुरू होते. तो चालू असेल तर मंजूर झालेली आवृत्ती आपण बटण दाबेपर्यंत थांबून राहते. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते, आणि पहिला चांगला पाऊस झाला की दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत आम्ही अत्यावश्यक दुरुस्तीखेरीज काहीही सोडत नाही. रब्बीला हरभरा आणि ज्वारीच्या पेरणीच्या वेळी असाच छोटा बंद पाळतो. शहरातल्या दुसऱ्या एका कंपनीने, तिचे नाव घेण्याचे कारण नाही, ऐन जूनच्या पहिल्या आठवड्यात उधारीचा हिशेब नव्याने मांडणारी आवृत्ती सगळ्यांना एकदम दिली. कित्येक शेतकऱ्यांची मागची बाकी शून्य दिसू लागली आणि दुकानदारांना जुन्या वह्या काढून पडताळणी करत बसावे लागले. त्यातले काही दुकानदार पुढे आमच्याकडे आले. पण ते अजूनही वही ठेवतातच, आणि त्यांना नावे ठेवण्याची माझी हिंमत नाही.

सुट्टीचा दिवस अपडेटला सुरक्षित, हा समज मात्र मला पटत नाही. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे सगळे शेतात जेवायला गेलेले असतात आणि बाजारपेठ ओस असते. त्या दिवशी सोडलेल्या आवृत्तीतली चूक त्या दिवशी दिसणार नाही, ती दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गर्दीत दिसेल. मध्यम वर्दळीचा दिवस, सकाळची वेळ आणि मदतीसाठी दोन माणसे फोनपाशी, हा मेळ जमेल तेव्हाच मी बटण दाबतो.

गूगल स्वतःही आपल्यावर वेळापत्रक लादते. नव्या अँड्रॉइडशी ॲप जुळवून घेण्याची मुदत दरवर्षी साधारण ऑगस्टअखेर असते. २०२५ साली ती ३१ ऑगस्ट होती आणि अपडेटला अँड्रॉइड १५ ची पातळी गाठणे आवश्यक होते. तोवर खरिपाची गर्दी ओसरलेली असते, हे आमचे नशीब. जिथे जूनमध्ये शाळा सुरू होतात किंवा मार्चमध्ये हिशेब बंद होतात, तिथल्या ॲपवाल्यांनाही ते सोयीचेच पडत असेल.

खर्चाच्या बाजूने तक्रारीला जागा नाही. खाते उघडायला २५ डॉलर एकदाच द्यावे लागतात आणि वर सांगितलेली सगळी साधने त्यात येतात. संस्थेच्या नावाने खाते काढायचे तर डन्स क्रमांक, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक, लागतो, तो मिळायला वेळ जातो, तेव्हा आधी अर्ज करावा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खाते उघडणाऱ्याला ॲप प्रसिद्ध करण्यापूर्वी किमान १२ टेस्टरकडून सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंग करून घ्यावे लागते. आधी ही संख्या २० होती. एकट्याने काम करणाऱ्या मुलांना हा जाच वाटतो, पण माझ्या मते नियम रास्त आहे. फक्त ते १२ जण मित्रांचे फोन नसावेत, खरे दुकानदार असावेत.

आवृत्तीसोबत “काय बदलले” हे लिहायला प्रत्येक भाषेसाठी ५०० अक्षरांची जागा मिळते आणि मराठीही त्यात आहे. आमच्या ओळखीतला एकही दुकानदार तो मजकूर वाचत नाही. तो आम्ही तरीही नेटका लिहितो, कारण दुकानदाराचा फोन आला की मदतीच्या टेबलावरची मुलगी तोच उघडून त्याला वाचून दाखवते. दुकानदारांसाठी मात्र बदललेल्या बिलाचा फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, आणि त्यात लॉट नंबरभोवती लाल गोल काढलेला असतो.